भारत जगाचं धान्याचं कोठार होऊ शकतो का, आणि येवल्याच्या पाच एकर मक्याला त्यातून काय मिळणार

येवल्याकडचा एक पोरगा आहे, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. त्याने विचारलंय की काका, जगात धान्याची मागणी वाढतच चाललीय, आपला देश कृषिप्रधान, मग आपण जगाचं कोठार का होत नाही, आणि उद्या झालोच तर आमच्या पाच एकर मक्याला त्याचा काही फायदा आहे का. दोन ओळीत उत्तर टाकणार होतो, पण विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे लांबणार, चहा घेऊन बस.

आधी मी कोण ते सांगतो. नाशिकमधून धान्याचा धंदा करतो, २६-२७ वर्षं झाली. सुरुवातीला वडिलांच्या आडतीवर, मग स्वतःची फर्म. मका मुख्य, गहू, थोडी बाजरी. पोल्ट्रीवाल्यांना आणि स्टार्चवाल्यांना माल देतो, मधली काही वर्षं एक्स्पोर्टरनाही गाड्या भरून दिल्या. निफाडला थोडी शेती आहे, पण तिथे द्राक्ष, गहू घरापुरता. म्हणजे जे सांगतोय ते आडतीवर बसून दिसलेलं आहे, दिल्लीच्या ऑफिसातून दिसणारं वेगळं असेल.

जगात सगळं धान्य मिळून वर्षाला साधारण २८० कोटी टन पिकतं. त्यातलं देशाच्या बाहेर विकायला निघतं फक्त ४८ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे सहावा हिस्सा. बाकीचं जिथे पिकतं तिथेच माणसं, कोंबड्या, गुरं खातात नाहीतर कारखान्यात जातं. त्यामुळे 'जगाची मागणी' हा शब्द जेवढा मोठा वाटतो तेवढा बाजार मोठा नाही, आणि म्हणूनच एखादा मोठा देश थोडा जरी हलला तरी भाव कुठल्या कुठे जातात.

आता आपण यात कुठे? तांदळात आपण राजे. जगात जेवढा तांदूळ देशादेशांत विकला जातो त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास एकट्या भारताचा, वर्षाला दोन कोटी टन वगैरे. गव्हात चीनच्या खालोखाल दुसरा नंबर, २०२४-२५ ला पावणेबारा कोटी टनांच्या आसपास उत्पादन, पण त्या वर्षी बाहेर विकला जवळपास शून्य. आणि मक्यात तर उलटी गंगा, २०२१-२२ ला ३५ लाख टनांच्या वर बाहेर विकला आणि २०२४ ला आपणच म्यानमार आणि युक्रेनकडून मागवला. देश एकच, शेतकरी तोच, आणि तीन धान्यांचे तीन तऱ्हेचे हाल. हे का होतं ते कळलं की तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

गव्हाचं मी स्वतः भोगलंय म्हणून आधी तेच सांगतो. फेब्रुवारी २०२२ ला रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, जगाच्या गव्हाच्या निर्यातीतला तीस टक्क्यांजवळचा वाटा या दोघांचा, तो अडकला आणि सगळं जग आपल्याकडे बघायला लागलं. पंतप्रधान एप्रिलमध्ये म्हणाले की डब्ल्यूटीओने, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेने, परवानगी दिली तर भारत उद्यापासून जगाला धान्य द्यायला तयार आहे. एक कोटी टन निर्यातीची भाषा सुरू झाली. हमीभाव २०१५ रुपये आणि बाजारात त्याच्या वर भाव, शेतकरी खूश, आम्हीही खूश. मी तेव्हा इंदूर-देवासकडून गहू उचलून कांडला पोर्टला पाठवत होतो, एका मोठ्या एक्स्पोर्टरची ऑर्डर होती. १२ मे ला बातमी आली की मोरोक्को, ट्युनिशिया, इंडोनेशिया असे नऊ देश फिरून गहू विकायला सरकारी शिष्टमंडळं जाणार. आणि १३ मे, शुक्रवार, रात्री निर्यातबंदी.

त्या रात्री माझ्या सात गाड्या रस्त्यात होत्या आणि तीन पोर्टच्या बाहेर लाइनीत. नियम असा निघाला की १३ मे पर्यंत ज्यांची पक्की एलसी, म्हणजे पैशाची बँक हमी, उघडली होती किंवा माल कस्टमच्या ताब्यात गेला होता त्यांनाच सोडणार. माझा माल दोन्हीत बसत नव्हता. पार्टीने फोन उचलायचं बंद केलं, चार दिवसांनी उचलला तेव्हा म्हणे भाव कमी करा तर बघतो. ड्रायव्हर लोक मे महिन्याच्या उन्हात ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून रोट्या भाजत बसलेले, रोज त्यांचा फोन, रोज डिटेन्शनचं, म्हणजे गाडी अडकून पडल्याच्या भाड्याचं, मीटर चालू. शेवटी अर्धा माल तिकडच्याच फ्लोअर मिलला दिला, अर्धा परत फिरवला, क्विंटलमागे दोनशेच्या आसपास खड्ड्यात गेलो. वडील तेव्हा हयात होते, ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या लग्नात नाचायला गेला होतास ना."

त्या बंदीला मी तेव्हा मनसोक्त शिव्या घातल्या. पण नंतर आकडे बघितले तर वेगळंच चित्र दिसलं. मार्च २०२२ ला उत्तरेत अशी उष्णता पडली की दाणा भरायच्या ऐन वेळेला गहू होरपळला, दाणे चिमले. सरकारी खरेदी आदल्या वर्षी ४३३ लाख टन होती ती १८८ लाख टनांवर आली. आणि इकडे रेशनवर ८१ कोटी लोक, माणशी महिना पाच किलो, बारा महिने, गुणाकार कर, पाच कोटी टनांच्या जवळ जातो, गहू तांदूळ मिळून. एवढं देणं डोक्यावर असताना कोठारं रिकामी करून कोणतंही सरकार बसलं नसतं. म्हणजे बंदी चुकीची नव्हती, चुकली ती आधीची घाई. मार्चमध्येच शेतात दिसत होतं की गहू गेला, पंजाबचे व्यापारी फोनवर सांगत होते, तरी मे पर्यंत जगाला वचनं वाटणं चालू होतं.

दुधाचा रतीब घालणारा असतो ना, त्याच्या घरी पाहुणे आले की तो त्या दिवशी तुमच्याकडे येतच नाही, आणि सांगतही नाही. दूध चांगलं असतं, भाव चांगला असतो, तरी तिसऱ्या वेळेला तुम्ही पिशवी लावता. जगाच्या बाजारात आपण तो रतीबवाला आहोत. माझं या सगळ्या विषयावर जे काही मत आहे ते एवढंच आहे. धान्य पिकवायला आपण कमी नाही, पण आपण 'उरलं तर देऊ' वाले, आणि मोठं गिऱ्हाईक उरल्यासुरल्यावर घर चालवत नाही.

नाशिककराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही खरं तर. कांद्याचं काय झालं? सप्टेंबर २०१९ ला बंदी, सप्टेंबर २०२० ला बंदी, ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के ड्युटी, डिसेंबर २०२३ ला परत पूर्ण बंदी, मे २०२४ ला उठली तर टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि वर परत ४० टक्के, शेवटची ड्युटी जाता जाता एप्रिल २०२५ उजाडलं. दरवेळी बाहेरचं गिऱ्हाईक दुसरं दुकान बघून ठेवतं आणि आपण उघडलं तरी सगळं परत येत नाही.

तांदळातसुद्धा तेच. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी घातली, आणि थायलंडचा तांदूळ पंधरा वर्षांतल्या सगळ्यात वरच्या भावाला जाऊन बसला. पश्चिम आफ्रिकेतले सेनेगल, बेनिन, टोगो असले देश आपल्या तुकडा तांदळावर आणि उकड्यावर जेवतात, त्यांच्या बाजारात काय झालं असेल विचार कर. सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली, तोवर इकडे सरकारी गोदामं तांदळाने फुटायला आलेली. इतका साठा की २०२४-२५ ला ५२ लाख टन तांदूळ क्विंटलला २२५० रुपयांनी इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, करायला डिस्टिलरींना देऊ केला. वर्षभरापूर्वी जो तांदूळ भुकेल्या देशाला द्यायचा नाही म्हणून अडवला, तसलाच गाडीच्या टाकीत. असो.

मग 'सरकारी साठा आहे ना, तोच विका की बाहेर' असं तू म्हणशील. तिथे डब्ल्यूटीओ आडवं येतं. हमीभावाने घेतलेलं धान्य ही सबसिडी धरली जाते, त्याची मर्यादा उत्पादनाच्या किमतीच्या दहा टक्के, आणि ती मोजायची १९८६-८८ च्या भावाशी तुलना करून! २०१३ ला बालीमध्ये एक पीस क्लॉज मिळाला म्हणून आपल्यावर कोणी केस करत नाही, पण रेशनसाठी घेतलेलं धान्य जगाच्या बाजारात धंद्यासाठी सोडलं की बाकीचे देश ओरडतात.

आता एक गोष्ट जी कोणी फारशी बोलत नाही. भारताचा जगाला सगळ्यात मोठा उपयोग काय असेल तर आपण गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरत नाही हा. जगात गव्हाचा व्यापार २० कोटी टनांच्या आसपास. त्यात उद्या १४० कोटींचा देश पिशवी घेऊन उभा राहिला तर बाकीच्यांना काय उरेल? २००६-०७ ला आपण पन्नास लाख टनांच्या वर गहू मागवला होता आणि आधीच चढणाऱ्या बाजाराला आणखी हवा मिळाली. त्याच्याही आधी, १९६६ ला लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतून जहाजं लागत होती, त्या वर्षी कोटभर टन धान्य बाहेरून आलं. माझी आजी ७२ च्या दुष्काळातला मिलो सांगायची, ती लाल ज्वारी, भाकरी थापली की तुटायची आणि पोरं नाक मुरडायची, खडी फोडायला जाणाऱ्यांना सुकडी. त्याच देशाने मेक्सिकोचं बियाणं आणून, १९६६ ला १८ हजार टन, पंचवीस-तीस वर्षांत चित्र पालटलं. मनमाडची एफसीआयची, म्हणजे अन्न महामंडळाची, गोदामं तू बघितली असशील, रेल्वेतून जाताना संपता संपत नाहीत. जगाला धान्य पुरवण्यात आपला वाटा मोजायचा तर आधी ती गोदामं मोजली पाहिजेत, ती आपलीच पोटं भरायला आहेत आणि त्यातच जगाचंही भलं आहे.

बरं, मागणी वाढतेय म्हणजे नेमकी कशाची? पोळी आणि भात खाणारा माणूस पैसा आला म्हणून दुप्पट पोळ्या खात नाही, तो अंडी खातो, चिकन खातो, दूध पितो. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. म्हणून वाढती मागणी ही खरं तर मक्याची मागणी आहे. जगात वर्षाला १२० कोटी टनांच्या वर मका पिकतो, गव्हापेक्षा दीडपट, आणि एकटी अमेरिका तिच्या मक्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या वर इथेनॉलला घालते. आणि इथेच तुमचं येवला, मालेगाव, चांदवड, सटाणा येतं. नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांना द्राक्ष आणि कांदा दिसतो, पण खरिपात इकडे मक्याशिवाय दुसरं दिसतं कुठे.

आपल्या मक्याला बाहेर गिऱ्हाईक होतं. व्हिएतनाम, मलेशिया, बांगलादेश, नेपाळ. एक तर आपला मका नॉन-जीएम, म्हणजे जनुकं न बदललेला, दुसरं म्हणजे ब्राझील-अमेरिकेचं जहाज महिनाभर पाण्यात असतं आणि आपण न्हावा-शेवाहून वीस फुटी कंटेनरमध्ये पंचवीसेक टन भरून लवकर पोचवू शकतो, लहान पोल्ट्रीवाल्याला अख्खं जहाज नको असतं, त्याला दहा कंटेनर हवे असतात. मी असे कंटेनर भरलेत, चांगला धंदा होता. मग इथेनॉल आलं. डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसाच्या इथेनॉलवर लगाम घातला कारण पाऊस कमी पडलेला, आणि पाठोपाठ मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव दिला. एक टन मक्यातून ३७०-३८० लिटर निघतं. डिस्टिलरीवाला जो भाव देत होता तो व्हिएतनामवाला देऊच शकत नव्हता, आपला मका जगाच्या बाजारापेक्षा महाग झाला आणि एक्स्पोर्ट बंद पडला, बंदी न घालता. पोल्ट्रीवाले बोंबलले, आयात आली.

शेतकऱ्याला दोन वर्षं चांगला भाव मिळाला, मी नाही म्हणणार नाही. पण पुढचं बघ. मक्यातून इथेनॉल काढलं की चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, प्रोटीन भरपूर आणि स्वस्त. तो कोंबडीच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी घुसला, पेंडीचा भाव पडला, सोयाबीन २०२४-२५ च्या हमीभावाच्या, म्हणजे ४८९२ च्या, खाली विकलं गेलं. मग सोयाबीनवाला वैतागून मक्याकडे वळला. मका वाढला, त्यात डिस्टिलरीला तो २२५० चा सरकारी तांदूळ मिळाला, आणि २०२५ च्या खरिपात हमीभाव २४०० असताना बऱ्याच बाजारांत मका त्याच्या बराच खाली गेला. म्हणजे ज्या मक्याने सोयाबीनला पाडलं त्यालाच सोयाबीनवाल्यांनी येऊन पाडलं. व्याही व्याह्याला भोवला म्हण.

उत्पादनाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेचा मका हेक्टरी ११ टनांच्या आसपास, आपला देशाचा साडेतीन. गहू देशाचा हेक्टरी ३५ क्विंटल, महाराष्ट्राचा वीसच्या घरात. नवल म्हणजे निफाडला कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आहे, राज्यातली सगळ्यात कडक थंडी पेपरात तिथलीच छापून येते, तिथून निघालेल्या जातींची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी, सगळं नाशिक दर्शन. पण आपल्याकडचा शेतकरी गहू लावतो कांद्यातून आणि द्राक्षातून उरलेल्या तुकड्यात, डिसेंबर उजाडल्यावर, मग मार्चच्या उन्हात दाणा बारीक राहणारच. त्याचं चुकत नाही, एकरी हिशोबात गहू कांद्यासमोर उभाच राहत नाही. खताचंही लक्षात ठेव, पोटॅश आपलं सगळं बाहेरचं, डीएपी बरंचसं बाहेरचं, युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते ती सबसिडीवर, त्याचा बराचसा गॅस परत बाहेरचा. आणि पंजाब भात पिकवून जमिनीखालचं पाणी तांदळाच्या पोत्यात भरून बाहेर पाठवतोय, ते किती वर्षं चालणार.

क्वालिटीवर मात्र थांबतो, कारण तिथे तुझ्या हातात काहीतरी आहे. २०२२ ला तुर्कीने आपल्या गव्हाचं जहाज रोगाचं कारण सांगून परत पाठवलं. खरं खोटं त्यांना माहीत, पण कर्नाल बंट हा गव्हाचा बुरशीचा रोग आणि खपरा भुंगा ही साठ्यातली कीड, ही दोन नावं ऐकली की बाहेरचा इन्स्पेक्टर सावध होतो. आणि मक्यात आपला शत्रू एकच, ओलावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला लिलावात उभा राहा. ट्रॉल्यांची रांग, वरून मका पिवळाधमक. मी मूठ आत कोपरापर्यंत घालतो, मधला दाणा काढतो आणि दाताखाली धरतो. कट् असा आवाज आला तर ओलावा बारा-चौदा टक्के, दबला तर वीसच्या वर. मग मीटर लावायचं ते फक्त शेतकऱ्याला दाखवायला. बिट्या काढल्या, मळणी केली, दोन दिवस पाऊस म्हणून ताडपत्रीखाली ढीग झाकून ठेवला, आत हात घातला की गरम लागतो, तिथे बुरशी सुरू झालेली असते, दाण्याच्या टोकाशी हिरवट-पिवळं. ती अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते विष खाद्यासाठी साधारण वीस पीपीबीच्या वर चालत नाही, म्हणजे शंभर कोटी दाण्यांत वीस दाणे एवढी ती मात्रा. पोल्ट्रीवाला गाडी परत करतो, एक्स्पोर्टर तर बघतही नाही.

हिशोब करून दाखवतो. समज तुझ्याकडे १०० क्विंटल मका आहे, ओलावा २४ टक्के. तो वाळवून १४ वर आणला तर वजन भरतं ८८ क्विंटलच्या थोडं वर, बारा क्विंटल पाणी उडालं. ओला १५०० ने गेला तर दीड लाख. वाळलेला समज १९०० ने गेला तर एक लाख ६८ हजारांच्या आसपास. वरचे १८ हजार, त्यातून मजुरी आणि ताडपत्री वजा. फार मोठी रक्कम नाही, पण ओला मका त्याच दिवशी मिळेल त्या भावाला द्यावा लागतो, आणि वाळलेला तू घरी नेऊ शकतोस. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीच्या गोदामात ठेव, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे उचल, ६ टक्के व्याज, सहा महिने. व्यापारी असून सांगतोय, आमच्यातले काही रागावतील.

तर तुझ्या पाच एकराचं. जगाची मागणी वाढणार म्हणून पाचही एकर मका लावू नका. डिस्टिलरीचा भाव, सरकारी तांदळाचा भाव, पेट्रोलमधली इथेनॉलची टक्केवारी हे सगळं दिल्लीत ठरतं आणि रात्री ठरतं. अडीच-तीन एकर ठेवा. पेरणी जूनच्या पावसावर साधली तर सोंगणी परतीच्या पावसात सापडू नये एवढ्या दिवसांचं वाण बघा. लष्करी अळी २०१८ पासून मुक्कामालाच आलीय, पहिल्या वीस दिवसांत पोंगे, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, बघत राहा. आणि गावातले दहा-पंधरा जण मिळून एक ड्रायर घेता येतो का ते बघा, गटाची शेतकरी कंपनी असेल तर सोपं पडेल. एक्स्पोर्ट परत उघडेल तेव्हा, आणि भाव जगाच्या खाली आले की तो आपोआप उघडतो, एक्स्पोर्टर सगळ्यात आधी चौदा टक्क्यांचा, बिनबुरशीचा, एका जागी शंभर टन मका कुठे आहे तेच विचारतो. तो मला गेल्या दहा वर्षांत नाशिक जिल्ह्यात एका जागी मोजून तीन-चार वेळा मिळालाय.

दिवाळीनंतर एकदा ये आडतीवर. मीटर देतो, वीस ट्रॉल्यांचा ओलावा वहीत लिहून काढ, समोर लागलेला भाव लिही, कॉलेजच्या प्रोजेक्टला होईल. येताना घरच्या मक्याची किलोभर पिशवी आण, पण ढिगाच्या पोटातली, वरची वाळलेली नको.